सार्वजनिक मैदान आणि त्याचे धनी

गोल्फ हा कष्टकऱ्यांचा खेळ नव्हे, हे सांगावयास कोणा विद्वानाची गरज नाही. कारखान्याच्या फाटकापाशी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी गोल्फचा दांडा हाती धरला असेल. आणि ज्यांनी धरला, त्यांतील बहुतेकांनी तो दुसऱ्याचा म्हणून वाहून नेण्यासाठी धरला. साहेब खेळतो, पोऱ्या त्याची पिशवी खांद्यावर वाहतो आणि आपण कुंपणाबाहेरून पाहतो, असेच या खेळाचे चित्र आपल्या मनात आहे. ते चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरीही या व्याख्यानासाठी आम्ही मुद्दाम एका गोल्फ मैदानाचा इतिहास निवडला आहे. हे मैदान बेकारांच्या हातांनी तयार झाले. ते सरकारच्या, म्हणजे लोकांच्या मालकीचे आहे. जगातील पहिल्या प्रतीच्या स्पर्धा त्यावर झाल्या. आणि त्या आटोपल्यावर त्याच हिरवळीवर नळजोडणी करणारा कारागीर किंवा शाळामास्तर ठरलेला दर भरून खेळू शकतो. आम्ही कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविले. तेव्हा ज्या ठिकाणी बेकारांचे श्रम आणि लोकांची मालकी एकत्र आली, त्या ठिकाणाकडे आमची नजर गेली, तर त्यात नवल नाही.

या मैदानाचे नाव बेथपेज ब्लॅक. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. त्या बेटावर फार्मिंगडेल गावाजवळ बेथपेज नावाचे राज्य सरकारचे मोठे उद्यान आहे. या एका उद्यानात गोल्फची पाच मैदाने आहेत, आणि त्यांना हिरवे, निळे, तांबडे, पिवळे व काळे अशी रंगांची साधी नावे आहेत. एकेका मैदानावर अठरा होल, म्हणजे चेंडू ज्यांत घालावयाचा ते अठरा खळगे. सगळे मिळून नव्वद. त्यांतील काळे मैदान सर्वांत अवघड.

प्रथम जमिनीची हकीकत पाहू. बेंजामिन योकम नावाचा एक बडा रेल्वेवाला होता. सेंट लुई-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेच्या कारभारात त्याने नाव व पैसा दोन्ही मिळविले. १९१२ साली त्याने लाँग आयलंडवर १,३६८ एकर जमीन घेतली. पुढे डेव्हरो एमेट या रचनाकाराकडून त्याने तेथे गोल्फचे एक मैदान करविले. ते १९२३ साली सुरू झाले व लेनॉक्स हिल्स नावाच्या खासगी क्लबाला भाड्याने दिले गेले. सभासदाखेरीज तेथे कोणास प्रवेश नव्हता. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस योकम वारला. एक माणूस गेला व एक काळही गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर जी मंदी आली तिचे आकडे आजही वाचवत नाहीत. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एकजण बेकार होता. म्हणजे सव्वा कोटीहून अधिक माणसे कामाविना होती. पाव मिळविण्यासाठी शहरांतून रांगा लागत. भीक घालणे आणि काम देणे यांत फरक आहे, हे तेथील काही राज्यकर्त्यांनी त्या वेळी ओळखले. फ्रँकलिन रूझवेल्ट हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना १९३१ साली त्या राज्याने बेकारांसाठी तात्पुरती मदत यंत्रणा उभी केली. राज्याने स्वतःहून असे करण्याचा त्या देशातील तो पहिलाच प्रयत्न होता. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर १९३३ च्या हिवाळ्यात केंद्र सरकारने कामाची मोठी योजना काढली आणि जानेवारी १९३४ पर्यंत चाळीस लाखांवर माणसे कामास लागली. १९३५ साली तिच्याहून मोठी व टिकाऊ योजना आली. डब्ल्यू.पी.ए. या तीन अक्षरांनी ती ओळखली जाते. १९४३ साली ती बंद होईपर्यंत सुमारे ८५ लाख माणसांनी तिच्यावर काम केले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खोदणाऱ्या बायाबापड्यांची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही कामे कशी असतात हे समजावून सांगावयास नको.

परंतु या योजनांतून रस्ते, शाळा, धरणे व पूल झाले, तशी उद्याने, पोहण्याचे तलाव आणि गोल्फची मैदानेही झाली. येथेच टीकाकारांचे डोळे वटारले. भुकेल्या माणसाला काम द्यावयाचे तर ते काय चेंडूच्या खेळासाठी? १९३५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क शहरात मदतकार्याच्या खर्चाची चौकशी झाली. त्या चौकशीत एका साक्षीत 'बूनडॉगल' हा एक गमतीदार शब्द पुढे आला. हातकामाच्या किरकोळ वस्तूंना तो वापरला जाई. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि पाहता पाहता सरकारी पैशाने चाललेल्या निरुपयोगी कामाला सगळा देश त्या शब्दाने हिणवू लागला. बेकाराने खडी फोडली तर ते काम, आणि बाग केली तर ती उधळपट्टी, हा न्याय मोठा विचित्र आहे. गरिबाच्या पैशाने व गरिबाच्या हाताने जे होईल ते गरिबाच्या गरजेपुरतेच असावे, त्यात रंजनाचा भाग नसावा, असा त्यामागचा हिशेब असतो. आमच्या मते या हिशेबाला बेथपेजने दिलेले उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा अधिक खणखणीत आहे.

हे उत्तर देण्यात पुढाकार घेतला तो रॉबर्ट मोझेस यांनी. हे गृहस्थ लोकांच्या मताने कधीही निवडून आले नाहीत. तरीसुद्धा चाळीस वर्षे न्यूयॉर्कची उद्याने, पूल आणि रस्ते त्यांच्या शब्दाने घडले. १९२४ पासून लाँग आयलंडच्या उद्यान मंडळाचे ते अध्यक्ष होते. १९२९ साली जोन्स बीचचा प्रचंड सार्वजनिक समुद्रकिनारा त्यांनी खुला केला. योकमच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्याची ती जमीन, क्लबाच्या मैदानासकट, सार्वजनिक उद्यानासाठी मिळविण्यात आली. जुने मैदान थोडे बदलून 'हिरवे' झाले. शिवाय तीन नवी मैदाने आखण्यात आली, आणि सुमारे १,८०० बेकार माणसे मदतकार्याच्या योजनांतून या कामावर लागली, असे सांगितले जाते. निळे व तांबडे मैदान १९३५ साली आणि काळे १९३६ साली खेळासाठी खुले झाले. पिवळे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५८ साली झाले.

येथे कामगार चळवळीतील माणसाला एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. या माणसांना काय मिळत होते? डब्ल्यू.पी.ए.च्या योजनेत महिन्याचा पगार मुलूख व कसब पाहून १९ डॉलरपासून ९४ डॉलरपर्यंत ठरविलेला होता. न्यूयॉर्कसारख्या शहरात गवंडी, सुतार, नळकारागीर यांच्या संघटनांनी झगडून तासाचा जो दर मिळविला होता, त्याच्या मानाने हा पगार फार कमी पडे. संघटनांनी ओळखले की, सरकारच जर कमी दराने कसबी माणूस राबवू लागले, तर उद्या खासगी ठेकेदारही तोच दर पुढे करील. म्हणून १९३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या इमारत कामगारांनी या योजनेच्या कामांवर संप पुकारला. राज्याच्या कामगार फेडरेशनचे अध्यक्ष तेव्हा जॉर्ज मीनी होते. पुढे १९५५ साली ते सबंध अमेरिकेच्या संयुक्त कामगार महासंघाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि मुळात ते नळकारागीरच. तो संप लगेच जिंकला गेला असे नाही. परंतु १९३६ साली काँग्रेसने तासाचा प्रचलित दर मान्य केला. महिन्याचा पगार तोच ठेवून कामाचे तास कमी झाले. १९३९ साली ही सवलत काढून घेतली गेली, तेव्हा पुन्हा संप झाले. मदतकार्य म्हणजे उपकार, आणि उपकार घेणाऱ्याने दराची भाषा करू नये, ही समजूत त्या कारागिरांनी स्वीकारली नाही. काम मिळाल्याचा आनंद आणि कामाच्या मोलाचा आग्रह या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, हे त्या लढ्याने दाखविले.

आता मैदानाच्या बांधणीकडे वळू. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनी ढकलत आणलेली वाळू व गोटे साचून लाँग आयलंडचे उंचवटे तयार झाले. काळे मैदान अशाच चढउताराच्या, झाडीच्या जमिनीवर आहे. त्याच्या आखणीसाठी ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांचा सल्ला घेण्यात आला. विंगेड फुट, बाल्टस्रोल यांसारख्या धनिकांच्या क्लबांची मैदाने त्यांनी आखलेली. मंदीने धनिकांची कामे थांबली आणि हा नामांकित कसबीही सरकारी कामावर आला. उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बरबेक हे बांधकामाच्या जागी कायम हजर असत. मैदानाचे श्रेय पुष्कळ वर्षे एकट्या टिलिंगहास्ट यांना दिले जाई. अलीकडे मात्र त्यात बरबेक यांचा वाटा किती, यावर जाणकारांत वाद चालू आहे. एका आराखड्याच्या श्रेयासाठी दोन नावांचा वाद होतो. ज्या हातांनी माती उपसली, खड्डे खणले, गवत लावले, त्यांच्या नावांचा वाद होण्याची पाळी येत नाही, कारण ती नावे फलकावर चढतच नाहीत. ही तक्रार फक्त बेथपेजची नाही. ताजमहालापासून आमच्या गिरण्यांच्या धुराड्यांपर्यंत ती सर्वत्र लागू आहे.

पण आमचा खरा मुद्दा निराळा आहे. सार्वजनिक मैदान बांधावयाचे ठरल्यावर ते सोपे, सपाट, कसेबसे चालेल असे बांधता आले असते. पब्लिकला काय कळते, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. अमेरिकेतले पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान न्यूयॉर्कच्याच व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये १८९५ साली झालेले होते. म्हणजे सार्वजनिक मैदान ही कल्पना नवी नव्हती. नवा होता तो दर्जाचा आग्रह. बेथपेजचे काळे मैदान मुद्दाम अवघड केले गेले. श्रीमंतांच्या क्लबात जे उत्तम मानले जाई, त्याच तोडीचे, किंबहुना त्याहून कठीण असे मैदान सामान्य माणसासाठी बांधले गेले. आजही त्याच्या पहिल्या होलपाशी एक पाटी आहे. हे मैदान अत्यंत कठीण असून केवळ चांगल्या तयारीच्या खेळाडूंनीच येथे खेळावे, अशी सूचना तिच्यावर आहे. ही पाटी आम्हांला विशेष वाटते. आपल्या ओळखीच्या पाट्या 'सभासदांखेरीज प्रवेश नाही' असे म्हणतात. त्या माणसाची जात, पैसा, ओळखदेख विचारतात. ही पाटी फक्त तयारी विचारते, आणि तीही सल्ला म्हणून. पाटी वाचून जो पुढे जाईल त्याला कोणी अडवीत नाही. त्याची जिरवावयास मैदान समर्थ आहे.

येथे खेळावयाचे म्हणजे काय, तेही थोडे सांगितले पाहिजे. नोंदणी आगाऊ करता येते, आणि तीत राज्याच्या रहिवाशाला बाहेरच्या माणसाच्या आधी संधी मिळते. त्याला दरही पुष्कळ कमी असतो. कर जो भरतो त्याचा हक्क आधी, हा त्यामागचा सरळ विचार. परंतु काही जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि त्या मिळविण्याची रीत जगप्रसिद्ध झाली आहे. माणसे आदल्या दिवशी मोटार घेऊन येतात, आकडे घातलेल्या ठरावीक जागांवर ती ओळीने उभी करतात आणि रात्रभर मोटारीतच झोपतात. पहाटेच्या अंधारात उद्यानाचा कर्मचारी येऊन क्रमाने त्यांना खेळाची पाळी देतो. वकील असो, खाटीक असो, आधी आला त्याचा नंबर आधी. रेशनच्या दुकानापुढे ज्यांनी पहाटे पिशव्या ठेवून नंबर लावले आहेत, त्यांना या व्यवस्थेतील न्याय चटकन कळेल, आणि तिच्यातील त्रासही कळेल.

पाळी मिळाल्यावर सारे चालणे पायीच. इतर पुष्कळ मैदानांवर खेळाडूंना नेण्यास लहान गाड्या असतात; काळ्या मैदानावर त्यांना मनाई आहे. सर्व होलांची लांबी मोठ्या स्पर्धेच्या वेळी साडेसहा किलोमीटरांवर जाते. शिवाय चेंडू शोधीत आडवेतिडवे जावे लागते, ते निराळे. खांद्यावर पिशवी, पायांखाली चढउतार, वाटेत माणूस उभा राहिला तर दिसेनासा व्हावा असे खोल वाळूचे खड्डे, आणि कडेला गुडघ्याला लागणारे गवत. चौथ्या होलावर उतारभर पसरलेला वाळूचा पट्टा चेंडूच्या वाटेत आडवा येतो. पंधराव्या होलाची हिरवळ सरळ टेकाडावर चढवून ठेवली आहे; थकलेल्या माणसाला तेथे खालून फटका वर चढवावा लागतो. अठरा होल पुरे होईपर्यंत पाच तास आणि क्वचित त्याहूनही अधिक वेळ जातो. आणि एवढे करून बहुतेकांच्या हाती हारच येते. तरीही ते पुन्हा येतात, कारण ज्या वाळूत जगज्जेत्यांचा चेंडू रुतला, तीतच आपलाही रुतला, ही गोष्ट पैसे देऊन दुसरीकडे मिळत नाही.

येथपर्यंत चित्र उजळ आहे. पण 'सार्वजनिक' या शब्दाचा इतिहास सांगताना 'जन' म्हणजे कोण, हे विचारल्याखेरीज तो पुरा होत नाही. त्याच लाँग आयलंडच्या पूर्वेकडे शिनेकॉक हिल्स नावाचा खासगी क्लब आहे. तो १८९१ साली स्थापन झाला. शिनेकॉक हे तेथील मूळ रहिवासी जमातीचे नाव. या जमातीच्या माणसांनी ते मैदान बांधण्यासाठी मजुरी केली, त्यांची पोरे तेथे कॅडी म्हणून पिशव्या वाहू लागली. पिशव्या वाहता वाहता त्यांतले काही खेळावयास शिकले. १८९६ साली तेथे अमेरिकेची खुली अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे यू.एस. ओपन, भरली. जॉन शिपेन हा काळ्या धर्मोपदेशकाचा मुलगा व ऑस्कर बन हा शिनेकॉक जमातीचा तरुण, अशा दोघांनी तीत नाव घातले. हे खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, असे काही गोऱ्या खेळाडूंनी बजावले. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमेयर यांनी त्यांना दाद दिली नाही. स्पर्धा होणारच, असे ते म्हणाले. स्पर्धा झाली, दोघेही खेळले, आणि शिपेन पहिल्या दहांत आला. ज्यांच्या हातांनी मैदान घडले ते त्या मैदानावर बरोबरीने उभे राहिले, असा तो दिवस होता.

दुर्दैवाने तो दिवस लांबला नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या पी.जी.ए. या संघटनेने १९३४ साली आपल्या घटनेतच केवळ गोऱ्यांना सभासद करण्याचे कलम घातले. ते १९६१ साली निघाले. म्हणजे बेथपेजला बेकारांची फावडी चालू होती, त्याच सुमारास पोट भरण्यासाठी खेळणाऱ्यांच्या संघटनेचे दार काळ्या माणसाला बंद होत होते. संघटना या शब्दावर ज्यांची श्रद्धा आहे, त्या आमच्यासारख्यांना हे कलम अधिक टोचते. संघटना दुबळ्याचे बळ वाढविण्यासाठी असते. तिनेच कुंपण घातले की तिच्यात व धनिकांच्या क्लबात फरक तो काय?

सार्वजनिक मैदानांवरही स्थिती बरी नव्हती. दक्षिणेतील अटलांटा शहरात १९५१ साली डॉक्टर हॅमिल्टन होम्स, त्यांचे दोन मुलगे व एक स्नेही नगरपालिकेच्या मैदानावर खेळावयास गेले असता ते काळे म्हणून त्यांना परत पाठविले गेले. मैदान त्यांच्याही कराच्या पैशांचे होते. त्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने तोड काढली की, काळ्यांसाठी वेगळे दिवस राखून ठेवावेत. परंतु १९५५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि अटलांटाची सार्वजनिक मैदाने सर्वांना खुली झाली. न्यूयॉर्कच्या उद्यानांत असा लेखी मज्जाव नव्हता. तथापि मोझेस यांनी आपल्या उद्यानांकडे जाणारे जे सुंदर रस्ते बांधले, त्यांवर बसगाड्यांना बंदी होती. ज्याच्याजवळ मोटार त्याला तो रस्ता. ज्याच्याजवळ नाही त्याला उद्यान कागदावर खुले. दार उघडे ठेवले तरी दारापर्यंतची वाट कोणासाठी आहे, हेही पाहावे लागते. याच मोझेस यांच्या पुढच्या काळातील महामार्गांनी न्यूयॉर्कमधील हजारो गरिबांची घरे उठविली. तेव्हा त्यांचे देऊळ बांधावयाचे आमच्या मनात नाही. त्यांचे मैदान मात्र आम्ही लोकांच्या जमेस धरतो.

सरकारी वस्तूची पुढे जी गत होते तीच बेथपेजचीही झाली. वर्षानुवर्षे माणसे खेळत राहिली, देखभालीला पैसा पुरेना, हिरवळ उघडी पडली, वाळूचे खड्डे ढासळले. १९९० च्या पुढील वर्षांत अमेरिकन गोल्फ संघटनेचे कार्यकारी संचालक डेव्हिड फे यांचे लक्ष या मैदानाकडे गेले. यू.एस. ओपन ही स्पर्धा १८९५ पासून चालू होती. पण ती खासगी क्लबांत किंवा महागड्या विहारस्थळी भरे. सरकारी मालकीच्या मैदानावर ती भरविण्याचा विचार प्रथमच झाला. संघटनेने सुमारे तीस लाख डॉलर घातले, रीस जोन्स या रचनाकाराने आपला मोबदला न घेता डागडुजीची आखणी केली, आणि २००२ च्या जूनमध्ये ती स्पर्धा बेथपेजला झाली. तोपर्यंतच्या यू.एस. ओपनमध्ये एवढे लांब मैदान झाले नव्हते. लांबी ७,२१४ यार्ड. कसलेल्या खेळाडूस जितके फटके लागावेत असे धरतात त्या संख्येस 'पार' म्हणतात. चार दिवसांचा पार होता २८०. जगातील उत्तमोत्तम खेळाडूंपैकी त्याच्या आत एकटा टायगर वुड्स राहिला, आणि तोही २७७ फटक्यांत. ज्या पी.जी.ए.च्या घटनेने १९६१ पर्यंत काळ्या माणसाला बाहेर ठेवले, त्याच देशात काळ्या बापाचा मुलगा बेकारांनी बांधलेल्या सरकारी मैदानावर अजिंक्य ठरला. इतिहास असे हिशेब नेहमी चुकते करतो असे नाही. पण केला तर तो मांडून ठेवावा.

त्यानंतर २००९ साली तीच स्पर्धा पावसाच्या धुमाकुळात तेथे झाली व लुकास ग्लोव्हर जिंकला. २०१९ साली पी.जी.ए. अजिंक्यपद तेथे ब्रुक्स केप्का याने मिळविले. या यशाने इतर सार्वजनिक मैदानांचीही वाट मोकळी झाली. सॅन डिएगो शहराच्या टॉरी पाइन्स मैदानावर २००८ साली आणि वॉशिंग्टन राज्यातील चेंबर्स बे या काउंटीच्या मैदानावर २०१५ साली यू.एस. ओपन झाली.

परंतु प्रतिष्ठेची किंमत असते, आणि ती कोण देतो हे पाहणे आमच्यासारख्यांचे काम. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिका व युरोप यांच्यामधील रायडर चषकाचे सामने बेथपेजला झाले. युरोपने ते १५-१३ असे जिंकले. सामन्याच्या एका दिवसाचे तिकीट सुमारे ७५० डॉलर होते. मैदान लोकांचे, आणि आत जाऊन पाहण्याची किंमत सामान्य माणसाच्या आठवड्याच्या मजुरीच्या घरात. त्या सामन्यांत काही प्रेक्षकांनी पाहुण्या खेळाडूंना ज्या शिव्या दिल्या, त्यांनीही मैदानाची शोभा वाढली नाही. मोठ्या स्पर्धेच्या तयारीसाठी काळे मैदान काही काळ नेहमीच्या खेळाडूंना बंद ठेवावे लागते, हेही आहेच. स्पर्धेने पैसा येतो, देखभाल होते, नाव होते. परंतु त्याच वाटेने दर वाढत जातात, आणि ज्यांच्यासाठी मैदान बांधले ते हळूहळू बाहेर सरकतात. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच ते दिसत नाही. क्लबाने दार बंद केले तर आरडाओरड तरी करता येते. दर वर्षी थोडा थोडा दर वाढवून दार बंद केले, तर दोष कोणाला द्यावयाचा हेही कळत नाही.

या सर्व इतिहासातून आमच्या पदरी एक गोष्ट पडते. सार्वजनिक म्हणजे दुय्यम, असे आपण फार लवकर मान्य करतो. सरकारी दवाखाना म्हटला की गळके छप्पर, नगरपालिकेची शाळा म्हटली की मोडका बाक, सार्वजनिक बाग म्हटली की वाळलेले गवत. आणि ज्याला चांगले हवे त्याने पदरचे पैसे खर्चून खासगीत जावे, हा रिवाज आपल्या अंगवळणी पडला आहे. बेथपेज १९३६ सालापासून या रिवाजाला खोटे पाडीत उभे आहे. देशावर आलेल्या सर्वांत मोठ्या आर्थिक संकटात, बेकारांच्या हातून, लोकांच्या पैशाने, लोकांसाठी जे बांधले ते उत्तमांतील उत्तम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. त्यात दोष आहेत, आणि ते आम्ही झाकले नाहीत. परंतु दोषांवरून कल्पनाच सोडून द्यावयाची नसते. ज्या माणसांनी कल्पना साकारली त्यांच्या वारसांनी दोष काढावयाचे असतात.

मैदान एकदा सार्वजनिक झाले म्हणजे कायमचे सार्वजनिक राहते, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. खरेदीखतावर सरकारचे नाव असले तरी दर कोण ठरवितो, देखभालीला पैसा कोठून येतो, पहाटेच्या रांगेत नंबर खरोखर आल्याच्या क्रमानेच लागतो की मागल्या दाराने कोणी शिरतो, या गोष्टींवर दर वर्षी कोणी तरी डोळा ठेवावा लागतो. हे काम मोठ्या पुढाऱ्याचे नाही. जो त्या रांगेत उभा राहतो त्याचे आहे. आपल्या गावातील मैदान, वाचनालय, दवाखाना, पाणवठा यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. जेथे आपण रांगेत उभे राहतो, तेथे रांगेचे नियम विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि आत जे मिळेल ते चांगल्या प्रतीचे असावे असे म्हणण्याचाही अधिकार आहे. बेथपेजच्या त्या १,८०० मजुरांची नावे कोणत्या फलकावर नाहीत. त्यांनी खणलेल्या वाळूत आज ज्याचा चेंडू अडकतो, त्याने त्यांची आठवण काढली नाही तरी चालेल. ते मैदान सर्वांसाठी उघडे ठेवले, म्हणजे त्यांचे देणे फिटले.